आभाराचा गुरुवार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चवथ्या गुरुवारीं दुपारीं ज्या घरीं जावें तेथें बहुधा एकच बेत दिसतो. मेजाच्या मध्यभागीं भट्टींत कित्येक तास भाजून तांबूस झालेला अख्खा टर्की पक्षी. त्याच्या पोटांत पावाचा चुरा, कांदा आणि सेज नांवाचा सुवासिक पाला यांचें सारण. बाजूला कुसकरलेले बटाटे, रताळीं, करवंदाएवढ्या आंबट क्रॅनबेरी फळांचा लालभडक मुरंबा. आणि अखेरीस तांबड्या भोपळ्याची गोड पाय. परगांवीं नोकरीस असलेला मुलगा, लग्न होऊन दूर गेलेली मुलगी, एकटी राहणारी वृद्ध मावशी, अशीं सारीं माणसें त्या दिवशीं एका छपराखालीं येतात. जागा पुरत नाहीं म्हणून लहान मुलांची पंगत एका ठेंगण्या मेजावर निराळी बसते, आणि त्या मेजावरून मोठ्या मेजावर बढती केव्हां मिळणार हा तेथील मुलांच्या दृष्टीनें मोठ्या महत्त्वाचा प्रश्न असतो. जेवणास आरंभ करण्यापूर्वीं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहों तें प्रत्येकानें सांगावें अशी पुष्कळ घरांत चाल आहे. जेवण झाल्यावर टर्कीच्या छातीवरचें चिमट्यासारखें हाड दोघांनीं दोन टोकांस धरून ओढावयाचें. ज्याच्या हातीं मोठा तुकडा येईल त्याची इच्छा पूर्ण होते असा समज आहे. या सणाला थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानण्याचा दिवस, असें म्हणतात.

हा सण कोठून आला असें तेथील एखाद्या शाळकरी मुलास विचारलें तर तो पिढ्यान् पिढ्या पाठ झालेली गोष्ट सांगतो. धर्मासाठीं इंग्लंड सोडून ‘मेफ्लॉवर’ जहाजानें आलेले यात्रेकरू प्लिमथ येथें उतरले, पहिल्या हिवाळ्यांत त्यांचे अतोनात हाल झाले, तेथील प्रेमळ मूळ रहिवाशांनीं त्यांस मका पेरावयास शिकविलें, आणि 1621 च्या शरद ऋतूंत पीक हातीं आल्यावर दोघांनीं एका पंगतीस बसून देवाचे आभार मानले. तोच हा सण. गोष्ट गोड आहे, आणि तींत असत्य असें थोडेंच आहे. परंतु श्रोते हो, इतिहासाचीं कागदपत्रें उलगडूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडतो. सण जुना आहे, गोष्टहि जुनी आहे. मात्र या दोहोंची गांठ पडली ती फार उशीरा, आणि ती गांठ मारतांना गोष्टीचा अर्धा भाग गाळला गेला.

1621 च्या त्या जेवणाविषयीं प्रत्यक्ष उपस्थित असलेल्या माणसाचा लेख एकच आहे. एडवर्ड विन्स्लो नांवाच्या वसाहतवाल्यानें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्लंडला एक पत्र लिहिलें व तें पुढील वर्षीं लंडनांत छापलें गेलें. पत्रांतला हा मजकूर एका लहानशा परिच्छेदापुरता आहे. पीक घरांत आल्यावर चार माणसें पक्ष्यांच्या शिकारीस पाठविलीं व त्यांनीं एका दिवसांत जवळजवळ आठवडाभर पुरेल इतकी शिकार आणली. बंदुकांची कवाईत झाली. मूळ रहिवाशांचा श्रेष्ठ राजा मॅसासॉइट आपले सुमारें 90 लोक घेऊन आला. तीन दिवस त्यांचा पाहुणचार झाला. आणि त्या पाहुण्यांनींच पांच हरणें मारून आणलीं. एवढाच तो मजकूर. त्यांत टर्कीचें नांव नाहीं. भोपळ्याची पाय असणें शक्यच नव्हतें, कारण वसाहतीपाशीं ना गव्हाचें पीठ होतें ना भट्टी. बटाटा त्या किनाऱ्यावर अद्याप पोंचला नव्हता, आणि मुरंब्याला लागणारी साखरहि नव्हती. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ‘थँक्सगिव्हिंग’ हा शब्द त्या परिच्छेदांत कोठेंच आढळत नाहीं. मॅसासॉइटला आमंत्रण होतें असेंहि विन्स्लो म्हणत नाहीं. बंदुकांचे बार ऐकून कांहीं आगळीक तर झाली नाहीं ना, हें पाहण्यास तो आला असावा असें कांहीं अभ्यासकांना वाटतें.

पंगतींत बसलेलीं माणसें कोण होतीं याचा विचार केला म्हणजे चित्राचा रंग आणखी पालटतो. ‘मेफ्लॉवर’वरून 102 उतारू निघाले होते; पहिल्या हिवाळ्याअखेर त्यांतले जवळजवळ निम्मे मरण पावले. प्रौढ स्त्रिया तर चारच उरल्या होत्या. म्हणजे शंभरांवर पुरुषांच्या तीन दिवसांच्या जेवणाचा भार कोणावर पडला असेल याची कल्पना आपल्या घरांतील गृहिणींना सांगावयास नको! पाहुणेहि शोकांतून नुकतेच बाहेर पडत होते. ते वांपानोआग जमातीचे. 1616 पासून 1619 पर्यंत त्या किनाऱ्यावर एका भयंकर सांथीनें थैमान घातलें होतें. यूरोपीय जहाजांबरोबर आलेल्या त्या रोगानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं. प्लिमथची वसाहत ज्या जागीं उभी राहिली ती पटक्सेट नांवाच्या अशाच एका उजाड गांवाची मोकळी शेतजमीन होती.

त्या गांवचा एक माणूस मात्र जिवंत होता. त्याचें नांव टिस्क्वांटम. 1614 सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला इतरांबरोबर फसवून पकडलें आणि स्पेनमधील मालागा बंदरांत गुलाम म्हणून विकावयास नेलें. तेथून तो कसाबसा लंडनला पोंचला, इंग्रजी शिकला आणि 1619 सालीं मायदेशीं परतला. पाहतो तों गांवांत कोणी उरलेंच नव्हतें. मक्याच्या आळ्यांत खत म्हणून मासे पुरावे हें इंग्रजांना शिकविणारा आणि मॅसासॉइटशीं त्यांचा करार होतांना दुभाषाचें काम करणारा तो हाच. शाळेच्या पुस्तकांत तो ‘यात्रेकरूंचा मित्र’ म्हणून येतो. त्याला इंग्रजी कसें येत होतें हें मुलांना कित्येक वर्षें कोणी सांगितलें नाहीं.

आतां खऱ्या सणाकडे वळूं. प्लिमथ व त्याच्या शेजारची मॅसॅच्युसेट्सची वसाहत येथील प्यूरिटन लोकांत ‘आभाराचा दिवस’ हा शब्द होता. पण त्याचा अर्थ मेजवानी असा नव्हे. दुष्काळ, रोगराई किंवा युद्ध आलें कीं उपवासाचा दिवस पाळावयाचा, आणि संकट टळलें कीं आभाराचा दिवस जाहीर करावयाचा, असा त्यांचा शिरस्ता. दोन्ही दिवशीं मुख्य कार्यक्रम म्हणजे देवळांत बसून प्रवचन ऐकणें. नाताळाला बायबलांत आधार नाहीं म्हणून ते लोक नाताळ पाळीत नसत. इतकेंच नव्हे, तर मॅसॅच्युसेट्समध्यें 1659 सालीं नाताळ साजरा करणारास पांच शिलिंग दंडाचा कायदा झाला व तो 1681 पर्यंत टिकला. सणावांचून मनुष्य फार काळ राहूं शकत नाहीं. नाताळ दाराबाहेर ठेविल्यावर वर्षाअखेरच्या आभाराच्या दिवसाला घरांतील मायेचें भरतें येऊं लागलें. सकाळचें प्रवचन हळूहळू आंखूड झालें आणि दुपारचें जेवण लांबलें. अठराव्या शतकांत न्यू इंग्लंड प्रांतांतल्या शेतकरी कुटुंबांचा हा वर्षांतला सर्वांत मोठा घरगुती सण होऊन बसला. मुलगे नव्या जमिनीच्या शोधांत पश्चिमेकडे पांगूं लागले तसतसें ‘त्या दिवशीं आजोबांच्या घरीं जावयाचें’ या कल्पनेस अधिकच मोल आलें.

जातां जातां सांगावयास हरकत नाहीं कीं, याच न्यू इंग्लंडच्या मंडळींचा महाराष्ट्राशीं जुना परिचय आहे. 1813 सालीं मुंबईस येऊन पोंचलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, आणि पुढें त्या वेळच्या अहमदनगरांत ठाणें घालून 1842 पासून ‘ज्ञानोदय’ पत्र चालविणारे अमेरिकन मिशनरी, हे प्यूरिटनांच्या परंपरेंतल्या चर्चनें पाठविलेले होते.

टर्की पक्ष्याचा आपल्याशीं असलेला संबंध तर त्याहूनहि जुना, आणि अधिक मौजेचा आहे. हा पक्षी मूळचा अमेरिका खंडाचा. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो मेक्सिकोहून यूरोपांत नेला. इंग्रजांना वाटलें तो तुर्कस्तानांतून आला, म्हणून त्यांनीं त्याला ‘टर्की’ म्हटलें. तुर्कांना वाटलें तो हिंदुस्थानचा, म्हणून ते त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच नांवाचा अर्थहि ‘हिंदचा’ असाच, आणि डच लोकांनीं तर थेट आपल्या कालिकत बंदराच्या नांवावरून त्याला ‘काल्कून’ केलें. गरीब बिचाऱ्या पक्ष्याला त्याचा खरा गांव कोणीच विचारला नाहीं. पोर्तुगीजांनीं तो गोव्यांत आणला, आणि 1612 सालीं मुकर्रबखान या सरदारानें गोव्याहून कांहीं अपूर्व वस्तु आणून जहांगीर बादशहास नजर केल्या त्यांत हा पक्षीहि होता. त्याच्या गळ्यावरील झालरीचे रंग घटकेघटकेला कसे पालटतात याचें बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत कौतुकानें वर्णन केलें आहे, आणि उस्ताद मन्सूरनें काढलेलें त्याचें चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. प्लिमथच्या त्या जेवणापूर्वीं नऊ वर्षें गोव्याहून आग्र्याच्या दरबारापर्यंत टर्कीचा प्रवास झालेला होता. असो.

न्यू इंग्लंडचा हा प्रांतिक सण साऱ्या राष्ट्राचा झाला तो मुख्यतः एका विधवेच्या चिकाटीमुळें. सारा जोसेफा हेल यांचा जन्म 1788 सालीं न्यू हँपशायरमधील न्यूपोर्ट येथें झाला. 1822 सालीं पति वारले तेव्हां पदरीं पांच मुलें होतीं. टोप्या शिवण्याचा उद्योग करून पाहिल्यावर बाईंनीं लेखणी धरली. 1827 सालीं त्यांनीं ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी लिहिली व तींत एका शेतकरी घरांतल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचें सविस्तर वर्णन केलें. मेजाच्या अग्रभागीं भाजलेला टर्की आहे तो त्या पुस्तकांत. इंग्रजी शाळांतून आपल्याकडेहि घोकली जाणारी मेरी व तिच्या कोकराची कविता त्यांचीच, 1830 सालची. 1837 पासून चाळीस वर्षें त्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाच्या संपादिका होत्या. यादवी युद्धापूर्वीं या मासिकाचा खप दीड लाखाच्या घरांत गेला होता. त्या काळाच्या मानानें हा आंकडा प्रचंड आहे. पतिनिधनानंतर बाईंनीं काळा पोषाख आयुष्यभर सोडला नाहीं, आणि त्या काळ्या पोषाखांतल्या बाईनें देशभरच्या बायकांना नवीं वस्त्रें, पाककृति आणि गृहसजावट शिकविली हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

1846 पासून त्यांनीं एकच ध्यास घेतला. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार सर्व संस्थानांनीं एकाच वेळीं पाळावा. दरवर्षीं त्या मासिकांत अग्रलेख लिहीत, टर्की व भोपळ्याची पाय कशी करावी तें छापीत, आणि संस्थानांच्या गव्हर्नरांना व एकामागून एक होणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना स्वहस्तें पत्रें धाडीत. उत्तर व दक्षिण यांच्यांत गुलामगिरीवरून वितुष्ट वाढत होतें. एका दिवशीं, एका वेळीं, सारा देश जेवावयास बसला तर हीं मनें जुळून येतील अशी त्यांची भाबडी पण प्रामाणिक श्रद्धा होती. दक्षिणेंतल्या पुष्कळांना मात्र हा सण उत्तरेकडील गुलामगिरीविरोधी पाद्र्यांचें थोतांड वाटे. मनें जुळलीं नाहींत. 1861 सालीं युद्ध पेटलें. 1863 च्या जुलैंत गेटिसबर्गच्या रणभूमीवर तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून पन्नास हजारांच्या आसपास लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्याच वर्षीं 28 सप्टेंबरला पंचाहत्तरीस आलेल्या या बाईंनीं अब्राहम लिंकनला पत्र लिहिलें, आणि 3 ऑक्टोबरला लिंकनची घोषणा निघाली. परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यानें तिचा मसुदा केला होता. घोषणेंत देवाच्या कृपेचें स्मरण आहे, राष्ट्राच्या पापांबद्दल पश्चात्ताप आहे, युद्धानें विधवा, अनाथ व शोकाकुल झालेल्यांविषयीं कळवळा आहे. प्लिमथचे यात्रेकरू, मॅसासॉइट, मका, यांचा तिच्यांत उल्लेखहि नाहीं. 1789 सालीं जॉर्ज वॉशिंग्टननें असाच एक दिवस जाहीर केला होता, त्यांतहि तो नव्हता. त्या नोव्हेंबरांत रिकाम्या झालेल्या खुर्च्यांभोंवतीं जीं कुटुंबें बसलीं असतील त्यांना यात्रेकरूंची आठवण करण्याचें कारणच नव्हतें.

मग यात्रेकरू आले कोठून? ते आले एका तळटीपेंतून! 1841 सालीं अलेक्झांडर यंग नांवाच्या बॉस्टनच्या धर्मोपदेशकानें प्लिमथचीं जुनीं कागदपत्रें छापलीं, तेव्हां विन्स्लोच्या त्या परिच्छेदाखालीं, हा न्यू इंग्लंडचा पहिला थँक्सगिव्हिंग होय, अशा अर्थाची टीप त्यानें जोडली. पुढें 1855 सालीं प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याच्या बखरीचें हरवलेलें हस्तलिखित लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलें. त्या शरद ऋतूंत रानटर्की विपुल मिळाल्याचा उल्लेख तींत निघाला, आणि टर्कीलाहि वंशावळ मिळाली. तरी ही कथा घरोघर पोंचली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. इटली, रशिया, पोलंड येथून लाखों निर्वासित व मजूर अमेरिकेंत येत होते. त्यांच्या मुलांना ‘अमेरिकन’ करण्याचें काम शाळांवर पडलें, आणि समुद्र ओलांडून आलेल्या, धर्मशील, कष्टाळू अशा यात्रेकरूंची गोष्ट त्या कामास फार सोयीची होती. मुलें शाळेंत कागदी टोप्या व पिसें लावून नाटुकलें करीत आणि घरीं जाऊन आईजवळ टर्कीचा हट्ट धरीत. आई टर्की भाजी, पण शेजारीं आपल्या माहेरचें पक्वान्नहि मांडी. अनेक इटालियन कुटुंबांत अजूनहि टर्कीच्या अगोदर पास्ता वाढला जातो. पोरक्या परदेशीं आलेल्या माणसाला हा सण चटकन आपलासा वाटला याचें कारण मला तरी त्या कथेपेक्षां त्या मेजांतच दिसतें.

विसाव्या शतकांतला इतिहास थोडक्यांत सांगतां येईल, कारण तो पुष्कळसा बाजाराचा इतिहास आहे. 1924 सालीं न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानानें त्या दिवशीं सकाळीं मिरवणूक सुरू केली. फुटबॉलचे सामने तर त्यापूर्वींपासूनच होत. 1939 सालीं नोव्हेंबरांत पांच गुरुवार आले; सण तीस तारखेस गेला तर नाताळच्या खरेदीचे दिवस कमी पडतील अशी व्यापाऱ्यांनीं ओरड केली, म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं तो एक आठवडा अलीकडे ओढला. जवळजवळ निम्म्या संस्थानांनीं हें मानलें नाहीं, आणि टेक्ससनें तर दोन्ही गुरुवार पाळले. अखेर 1941 च्या डिसेंबरांत कायदा होऊन चवथा गुरुवार ठरला. 1943 सालीं नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराचें प्रसिद्ध चित्र निघालें: म्हातारी आजी भला थोरला टर्की मेजावर ठेवीत आहे, मागें आजोबा उभे आहेत, आणि दोन्ही बाजूंस हसरे चेहरे. आज त्या सणाचें नांव घेतांच अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढें उभें राहतें तें बहुधा हेंच चित्र.

परंतु वांपानोआग लोकांचें पुढें काय झालें? मॅसासॉइटनें केलेला तह तो हयात असेपर्यंत टिकला. त्याचा मुलगा मेटाकॉम याच्या काळांत जमिनीवरून तंटे विकोपास गेले व 1675 सालीं युद्ध जुंपलें. 1676 च्या ऑगस्टांत मेटाकॉम मारला गेला. त्याचें शिर प्लिमथला आणलें गेलें तो दिवस वसाहतीनें आभाराचा दिवस म्हणून मुक्रर केलेला होता. देवळांतली प्रार्थना नुकती आटोपली होती. तें शिर खांबावर कित्येक वर्षें टांगलेलें होतें. त्याच्या लहान मुलाला गुलाम म्हणून विकण्यांत आलें. तीन दिवसांच्या पाहुणचाराला तेव्हां अवघीं पंचावन्न वर्षें झालीं होतीं.

‘मेफ्लॉवर’च्या आगमनास 1970 सालीं 350 वर्षें झालीं. त्यानिमित्त मॅसॅच्युसेट्स संस्थानानें योजिलेल्या मेजवानींत भाषण करण्यास वांपानोआग जमातीचे वामसुट्टा फ्रँक जेम्स यांस बोलाविलें होतें. भाषण आधीं पाहावयास मागितलें गेलें. त्यांत सांथ, थडग्यांची लूट व गेलेल्या जमिनी यांचा स्पष्ट उच्चार होता. तें बदलावें असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं नकार दिला व मेजवानीस ते गेले नाहींत. त्या वर्षीं थँक्सगिव्हिंगच्या दिवशीं प्लिमथच्या टेकडीवर मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ ते आपल्या लोकांसह जमले. तेव्हांपासून दरवर्षीं त्याच गुरुवारीं तेथें राष्ट्रीय शोकदिन पाळला जातो. टेकडीवर जमणाऱ्यांपैकीं कित्येकजण उपवास करतात. उपवास आणि आभार या प्यूरिटनांच्या जुन्या जोडींतला उपवास असा दुसऱ्याच पक्षाकडे गेला आहे.

अमेरिकेंतल्या अनेक घरांत आतां जेवणापूर्वीं या गोष्टीचाहि उल्लेख होतो, कांहीं घरांत होत नाहीं, आणि कांहीं घरांत यावरून आजोबा-नातवंडांत वादहि जुंपतात. तेथें स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना गुरुवारास जोडून येणारी सुट्टी आप्तेष्टांच्या भेटीस सोयीची पडते. शाकाहारी घरांत टर्कीची जागा दुसरें कांहींतरी घेतें, पण भोपळ्याची पाय बहुधा राहते. घारग्यांवर वाढलेल्या माणसाला गोड भोपळा कांहीं परका नव्हे.

वांपानोआग लोक नाहींसे झालेले नाहींत. मॅशपी येथें आणि मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील अक्विना येथें त्यांचीं गांवें आहेत. बोलणारें कोणी उरलें नव्हतें ती त्यांची भाषा जेसी लिटल डो बेअर्ड या विदुषीनें 1993 पासून पुन्हां उभी केली. तिला मोठा आधार झाला तो जॉन एलियट या प्यूरिटन धर्मोपदेशकानें 1663 सालीं त्या भाषाकुलांत छापलेल्या बायबलाचा. बेअर्डबाईंची मुलगी लहानपणापासून घरांत ती भाषा ऐकत बोलत वाढली आहे. अक्विना येथें सुगीच्या आभाराचा त्यांचा स्वतःचा दिवस ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारीं येतो. त्या दिवशीं जमातीच्या मुलांना शाळेंतून रजा मिळते, आणि आजीपासून नातवापर्यंत सारें घर समुद्रकांठच्या पाणथळींत क्रॅनबेरी वेंचावयास जातें.